उजवीकडची खुर्ची

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो, नगरपालिकेत कारकुनीला लागलो आणि उरलेल्या वेळात कागद काळे करत आलो. आयुष्यात विमानात बसलो तो दोनदा, आणि दोन्ही वेळा खिडकीजवळची जागा दुसऱ्यालाच मिळाली. असा माणूस आज विमान शिकवणाऱ्या शिक्षकांबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, याचा काय संबंध?

संबंध माझ्या भाचीमुळे आला. धाकट्या बहिणीची ही मुलगी वैमानिक व्हायला अमेरिकेत गेली. कर्ज काढून गेली. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना तिनं चांगल्या रीतीनं मिळवला. मग तिनं प्रशिक्षक व्हायचं ठरवलं. तिकडे ही नेहमीची वाट आहे. मोठ्या कंपनीच्या प्रवासी विमानात बसायचं तर साधारणपणे 1500 तासांचा अनुभव लागतो. 2009 साली तिथे एका प्रवासी विमानाचा मोठा अपघात झाला, त्यानंतर 2013 मध्ये हा नियम कडक झाला. परवाना हाती येतो तेव्हा गाठीशी सुमारे अडीचशे तास असतात. मधले तास जमवायचे कसे? तर नवशिक्यांना शिकवून. शिकवताना शिक्षकाचेही तास मोजले जातात आणि पगारही मिळतो.

तर ही मुलगी प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसली आणि पहिल्या खेपेला नापास झाली. रात्री उशिरा तिचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बसला होता. म्हणाली, "मामू, मला सगळं येत होतं. तरी नापास केलं."

मी विचारलं, "मग चुकलं काय?"

"परीक्षक म्हणाले, तुला येतं हे मला कळलं. तुला शिकवता येतं हे दिसलं नाही."

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. आपल्याकडे ज्याला येतं त्याला शिकवता येतं, असं आपण धरूनच चालतो. उत्तम गणित येणारा तो गणिताचा मास्तर. उत्तम मोटार चालवणारा तो पोराला मोटार शिकवणार. विमानाच्या जगानं मात्र ही समजूत फार महागात पडल्यावर सोडून दिली, आणि तीही शंभर वर्षांपूर्वी. त्याकडे मी येतोच. आधी त्या परीक्षेबद्दल सांगतो.

अमेरिकेत उड्डाण प्रशिक्षक व्हायचं तर एक लेखी परीक्षा अशी असते, की तिच्यात विमानापेक्षा माणूसच जास्त असतो. 'शिकवण्याची मूलतत्त्वं' असा तिचा विषय. 50 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 70 टक्के गुण. माणूस शिकतो कसा, विसरतो का, घाबरला की काय करतो, त्याच्या चुका त्याला कशा सांगाव्यात, असे प्रश्न. गंमत म्हणजे ज्याच्याकडे शाळेत सातवी किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवण्याचा तिथला अधिकृत परवाना आहे, त्याला ही परीक्षा माफ असते. म्हणजे शाळामास्तराच्या विद्येला तिथे विमानतळावरही मान आहे. या विषयावर तिथल्या सरकारी विमान खात्यानं एक जाडजूड पुस्तक काढलं आहे आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं. भाचीनं ते मला पाठवलं. मी ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं.

वाचायचं कारणही तिनंच दिलं. म्हणाली, "मामू, मला पुन्हा परीक्षेला बसायचंय. तुम्ही माझे विद्यार्थी व्हा. तुम्हाला विमानातलं काही येत नाही, म्हणून तुम्हीच पाहिजे."

अशी माझी नेमणूक झाली.

पहिला धडा होता 'स्टॉल'चा. व्हिडिओ कॉलवर ती फळ्यापुढे उभी, आणि इकडे मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत. तिनं सुरुवात केली. दाब, वेग, कोन, बाण, सूत्र. वीस मिनिटं बोलत होती. बोलणं अस्खलित. मी मधूनमधून मान हलवत होतो. शेवटी तिनं विचारलं, "कळलं का मामू?" मी म्हणालो, "कळलं बेटा." मग म्हणाली, "सांगा बरं, स्टॉल म्हणजे काय?" मला आधी तर भज्यांचा स्टॉलच आठवला. मग सावरून सांगितलं, "विमानाचं इंजिन बंद पडतं." कारण आमच्या गॅरेजवाल्याच्या तोंडून 'इंजिन स्टॉल झालं' हे मी शंभरदा ऐकलेलं.

तिकडे शांतता. वीस मिनिटं पाण्यात.

दुसऱ्या दिवशी तिनं धडा पुन्हा घेतला. या वेळी फळा नव्हता. तिनं आधी विचारलं, "मामू, एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढलाय कधी?" म्हटलं, काढलाय, आणि कंडक्टरच्या शिव्याही खाल्ल्यात. "तळहात जमिनीला समांतर धरला तर काय होतं?" वारा खालून-वरून निघून जातो. "पुढची कड थोडी वर केली तर?" हात आपोआप वर उचलला जातो. "आणि तळहात पार उभाच केला तर?" मग वर जात नाही, नुसता मागे रेटला जातो. "झालं," ती म्हणाली, "मामू, तुमचा हात स्टॉल झाला. इंजिनाचा इथे काही संबंध नाही."

विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेला थोडा कलता असतो, म्हणून तो उचलला जातो. हा कोन वाढवत नेला तर उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. छोट्या विमानांत ही मर्यादा साधारण 15-16 अंशांच्या आसपास असते. त्यापुढे पंखावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, ती विसकटते आणि उचल एकदम घटते. इंजिन व्यवस्थित चालू असतं आणि विमान मात्र खाली जाऊ लागतं. यावर उपाय आहे तो मनाला पटणारा नाही. विमान खाली चाललंय म्हटल्यावर हातातलं चाक स्वतःकडे ओढून नाक वर करावं असं कुणालाही वाटेल. करायचं असतं उलटं. चाक पुढे सोडून आधी तो कोन कमी करायचा. जमीन जवळ असताना हे करायला किती धीर लागत असेल, विचार करा.

दोन धड्यांत फरक काय पडला? दुसऱ्या वेळी तिनं आधी मला काय माहीत आहे ते विचारलं. विद्यार्थ्याचं डोकं रिकामं मडकं नसतं. त्यात आधीचं काहीतरी असतं, आणि नवं ज्ञान त्या जुन्याला धरूनच बसतं. जुनं कधी उपयोगी पडतं, जसा एसटीतला हात. कधी ते आडवं येतं, जसं माझ्या गॅरेजवाल्याचं इंजिन. मोटार चालवणारा माणूस पहिल्यांदा छोट्या विमानात बसला, की जमिनीवर वळताना हमखास हातातलं चाक फिरवतो आणि विमान सरळच जातं. कारण जमिनीवर विमान वळवायचं असतं पायांतल्या पेडलांनी. नव्या प्रशिक्षकाला हे आधीच ठाऊक असलं तर तो हसत नाही आणि चिडतही नाही. सांगतो, "हात मांडीवर ठेवा, फक्त पायांनी वळवा."

त्या पुस्तकात एका जुन्या मानसशास्त्रज्ञाचं बरंच ऋण आहे. एडवर्ड थॉर्नडाइक त्यांचं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. भुकेलं मांजर पेटीत कोंडायचं, बाहेर खाणं ठेवायचं, आणि आत एक खटका असा की तो दाबला की दार उघडतं. मांजर आधी ओरबाडतं, उड्या मारतं, आणि धडपडीत कधीतरी खटका दाबला जातो. पुन्हा कोंडलं की थोडं लवकर सुटतं. असं करत करत वेळ कमी होत जातो. यातून त्यांनी काही नियम मांडले. ज्याचा शेवट सुखाचा होतो ते पक्कं होतं, हा परिणामाचा नियम. मन आणि शरीर तयार असेल तरच शिकणं होतं, हा तयारीचा. वापरल्यानं टिकतं, हा सरावाचा. प्रशिक्षकांच्या पुस्तकात या तिघांना आणखी तिघांची जोड दिलेली असते. पहिल्यांदा शिकलेलं खोल रुजतं, ठसठशीत अनुभव टिकतो आणि अलीकडचं लवकर आठवतं.

यातला 'पहिल्यांदा शिकलेलं खोल रुजतं' हा नियम वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिलो.

आमच्या घरात दखनी बोलतात. पाण्याला आम्ही 'पानी' म्हणतो. शाळेत गेलो तेव्हा मराठीतला 'ण' माझ्या जिभेला माहीतच नव्हता. आमच्या एका गुरुजींनी त्यासाठी पट्टीनं माझ्या हातावर वळ उठवले होते. पुढे 'ण' आला. मराठीत कविता लिहिल्या, पुस्तकं छापली. आज वयाच्या पन्नाशीनंतरही व्यासपीठावर कविता वाचताना समोर मोठा समुदाय असला, छाती धडधडत असली, की मधेच 'पानी' बाहेर पडतं. एरवी पडत नाही. घाबरलो की पडतं.

विमानातही असंच होतं. शांत हवेत विद्यार्थी नंतर शिकलेलं सगळं बरोबर करतो. पण वारा आडवा आला, इंजिनाचा आवाज बदलला, छातीत धस्स झालं, की त्याचे हात पहिल्यांदा शिकलेलंच करतात. म्हणून पहिला धडा देणाऱ्या शिक्षकावर जबाबदारी फार मोठी. छापील यादी हातात धरून एकेक गोष्ट तपासण्याऐवजी त्यानं पहिल्याच दिवशी "मला पाठ आहे, चल" असं म्हटलं, तर विद्यार्थी तेच उचलतो. पुढे दुसऱ्या शिक्षकानं कितीही सांगितलं तरी ते पुसून काढायला दुप्पट कष्ट पडतात.

आणि गुरुजींच्या पट्टीचं काय? तिथे परिणामाचा नियम लागू पडला. त्या पट्टीनं मला 'ण' शिकवला नाही. वर्गात मोठ्यानं वाचायचं टाळायला शिकवलं. दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसलो. काही प्रशिक्षक स्वतःची हुशारी दाखवायला विद्यार्थ्याला पहिलाच स्टॉल असा जोरकस दाखवतात, की पोटातलं सगळं वर येतं. तो विद्यार्थी पुढे एकटा उडताना स्टॉलचा सराव करतच नाही. टाळतो. ज्याची लक्षणं त्यानं ओळखायला हवीत, त्याच्याकडे तो बघायचंच बंद करतो. मग कधीतरी उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर, वेग कमी आणि जमीन जवळ असताना, तोच स्टॉल त्याच्यासमोर येतो, आणि तिथे सावरायला पुरेशी उंची नसते. छोट्या विमानांचे कित्येक जीवघेणे अपघात याच वळणावर झालेले आहेत.

सरावाच्या नियमाचीही एक गोष्ट सांगतो. 'घोटून घोटून येतं' असं आपण म्हणतो. थॉर्नडाइक यांनी पुढे स्वतःच हे तपासून पाहिलं. माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना ठरावीक लांबीची रेघ पुन्हा पुन्हा काढायला लावली, पण रेघ बरोबर आली की चुकली ते सांगितलंच नाही. हजारो रेघा काढूनही सुधारणा झाली नाही. नुसतं घोटून येत नाही. कुठे चुकलं हे कळलं तरच घोटण्याला अर्थ. म्हणून उड्डाणाआधी जमिनीवर दहा-पंधरा मिनिटं आणि उतरल्यावर पुन्हा तेवढीच मिनिटं, एवढं बोलणं प्रशिक्षकानं टाळायचं नाही असा दंडक असतो. वर आकाशात आवाज असतो, हादरे असतात, रेडिओवर कुणीतरी बोलत असतं. विद्यार्थ्याचं लक्ष चारी दिशांना फुटलेलं असतं. भाची म्हणते, "मामू, विमानासारखा वाईट वर्ग दुसरा नाही. जे शिकवायचं ते खाली शिकवायचं, वर फक्त करून बघायचं."

त्यासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत आहे. पहिल्या पायरीला शिक्षक बोलतो आणि शिक्षकच करतो. दुसरीला विद्यार्थी बोलतो आणि शिक्षक करतो. तिसरीला विद्यार्थी बोलतो आणि स्वतः करतो. चौथीला विद्यार्थी करतो आणि शिक्षक फक्त पारखतो. मला यातली दुसरी पायरी फार आवडली. विद्यार्थी तोंडानं सांगतोय, "आता वेग कमी करा, आता नाक थोडं वर," आणि शिक्षक तसं करतोय. विद्यार्थ्याच्या डोक्यात काही उलटसुलट असेल तर ते इथे बोलण्यातच उघडं पडतं. हातातून चूक होण्याआधी ती कानाला ऐकू येते.

शिकण्याच्या इयत्ताही त्यांनी चार मानल्या आहेत. पहिली घोकंपट्टी. स्टॉल झाला की काय करायचं? चाक पुढे. पाठ आहे. दुसरी समज. चाक पुढे का? पंखाचा कोन कमी व्हावा म्हणून. तिसरी, ते प्रत्यक्ष करता येणं. चौथी, एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी जोडता येणं. म्हणजे त्या शेवटच्या वळणावर, कुणी 'स्टॉल' हा शब्दही उच्चारलेला नसताना, विद्यार्थ्याला आपण नाक वर ओढत चाललोय हे जाणवलं आणि त्यानं वेळीच हात सैल सोडला, तर तो चौथी पास. भाची पहिल्या परीक्षेत नापास झाली ती इथेच. तिला स्वतःला चौथी इयत्ता येत होती, पण ती समोरच्याला पहिलीचंच शिकवत होती.

आता उजवीकडच्या खुर्चीबद्दल.

अशा छोट्या विमानात शेजारी शेजारी दोन जागा असतात आणि दोन्हीकडे चाक आणि पेडलं असतात. विद्यार्थी डावीकडे, प्रशिक्षक उजवीकडे. प्रशिक्षक होऊ घातलेल्या वैमानिकानं आजवर सगळं डावीकडून केलेलं असतं. डावा हात चाकावर, उजवा हात इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर. उजवीकडे बसलं की हात उलटे. मधली तबकडी तिरपी दिसते, धावपट्टीची मधली रेघ सरकल्यासारखी वाटते. शेकडो वेळा विमान उतरवलेला माणूस पहिल्या दिवशी उजवीकडून उतरताना नवशिक्यासारखा चाचपडतो. भाची म्हणाली, तिला स्वतःचीच लाज वाटली.

मला वाटतं, ही खुर्ची हाच तिच्या शिक्षणातला मोठा धडा होता. एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती आपण कशी करतो हे आपल्यालाच सांगता येत नाही. सायकल चालवताना तोल कसा सांभाळता, हे सांगून बघा. हातापायांना येतं, पण त्याला शब्द राहिलेले नसतात. उजवीकडे बसल्यावर ती अंगवळणी पडलेली गोष्ट पुन्हा सुटी होते, प्रत्येक हालचाल पुन्हा मनात बोलून करावी लागते. तेच शब्द विद्यार्थ्याला द्यायचे असतात. न येणं म्हणजे काय असतं, याचीही आठवण होते. शिक्षकाला ती फार लागते.

हे सगळं कुणा एकाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेलं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विमान शिकवायला बऱ्याचदा आघाडीवरून थकून आलेले वैमानिक नेमत. त्यांना शिकवण्यात रस नसे, विद्यार्थ्यांची भीती मात्र असे. विद्यार्थ्यांना ते 'हन' म्हणत. शत्रूच्या जर्मन सैनिकांसाठी हाच शब्द होता. आपली विमानं शत्रूपेक्षा हेच जास्त पाडतात, असा तो कडवट विनोद. शिकताना मरणारी तरुण मुलं खूप होती. धोक्याच्या कसरतींपासून विद्यार्थ्याला लांब ठेवायचं, अशी तेव्हाची रीत. मग एकटं असताना तो धोका समोर आला की त्याला काहीच सुचत नसे.

रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या एका मेजरनं याविरुद्ध वरिष्ठांना पत्रं लिहिली. त्याला गॉस्पोर्ट इथे प्रयोग करायची संधी मिळाली आणि 1917 साली तिथे प्रशिक्षकांना शिकवणारी शाळा उभी राहिली. विमान 'अ‍ॅव्हरो 504', दोघांकडेही कंट्रोल्स. विद्यार्थ्याला मुद्दाम अडचणीत न्यायचं आणि बाहेर कसं पडायचं ते त्याच्याच हातानं करवून घ्यायचं. इंजिनाच्या आवाजात शिक्षकाचं बोलणं ऐकू यावं म्हणून एक नळी काढली, तिचं एक टोक शिक्षकाच्या तोंडाशी आणि दुसरं विद्यार्थ्याच्या कानाशी. तिला गॉस्पोर्ट ट्यूब असंच नाव पडलं. आता शिक्षकाला आकाशात बोलता येऊ लागलं, म्हणजे काय बोलायचं ते ठरवावं लागलं. कोणत्या हालचालीला कोणते शब्द, त्याची शिस्त तिथून बसत गेली. आज आपल्या हवाई दलाचीही प्रशिक्षक घडवणारी स्वतंत्र शाळा चेन्नईजवळ तांबरमला आहे. चांगला वैमानिक वेगळा आणि चांगला शिक्षक वेगळा घडवावा लागतो, ही गोष्ट आता जगभर मान्य झाली आहे.

धोका ओळखायला शिकवायचा तर तो शिक्षकाच्या ओळखीचा हवा. म्हणून अमेरिकेत विमानाच्या प्रशिक्षकाला 'स्पिन'चं प्रत्यक्ष शिक्षण घ्यावंच लागतं. स्पिन म्हणजे स्टॉल झालेलं विमान गरगरत खाली येणं. साध्या खासगी परवान्यासाठी ते सक्तीचं नाही. शिक्षकाला मात्र आहे, कारण विद्यार्थी कधी कुठल्या चुकीच्या पेडलावर पाय देईल ते सांगता येत नाही.

आणि आता सगळ्यात अवघड प्रश्न. विद्यार्थी चुकतोय. शिक्षकानं हात कधी घालायचा?

लवकर घातला तर विद्यार्थी एवढंच शिकतो, की अवघड वेळ आली की कुणीतरी आपल्या हातातून काढून घेतं. उशिरा घातला तर दोघांच्याही जिवावर बेततं. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाला शिकवतात, की आपली हद्द जमिनीवर असतानाच ठरव. इतकी उंची, इतका वेग. त्याच्या आत चुकला तर बोल, विचार, त्यालाच सावरू दे. हद्द ओलांडली की घे. घेतानाही गोंधळ नको. "कंट्रोल माझ्याकडे," असं मोठ्यानं म्हणायचं, समोरच्यानं "तुमच्याकडे," म्हणायचं, आणि पहिल्यानं पुन्हा एकदा "माझ्याकडे," म्हणायचं. कारण दोघांनाही वाटलं की दुसरा चालवतोय, तर विमान कुणीच चालवत नसतं.

यात मोहही आहे. मी सुरुवातीला सांगितलं, की शिक्षकाचे तास मोजले जातात. विमान कुणी का चालवेना, तास दोघांच्याही वहीत जातात. ज्याला लवकर पुढे जायचंय, त्याला विद्यार्थ्याची धडपड बघत बसायचा कंटाळा येतो. मग तो "थांब, मी दाखवतो," म्हणून स्वतःच उडवत राहतो. भाची म्हणाली, "मामू, माझ्या डोक्यावर कर्ज आहे. मला तास हवेत. पण मी चालवलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे तो भरतो, आणि त्या मिनिटात तो काही शिकत नाही."

हे ऐकताना मला माझ्याकडे येणारी मुलं आठवली. कविता घेऊन येतात. मी लाल पेन काढतो आणि अडलेली ओळ स्वतःच लिहून देतो. ओळ चांगली होते. मुलगा खूश होऊन जातो. पुढच्या महिन्यात येतो, पुन्हा तिथेच अडलेला. इतकी वर्षं मी त्यांना मदत करतोय असं समजत होतो. आता पेन टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "इथे तुला काय म्हणायचं होतं?" तो बोलू लागतो. वेळ लागतो. माझे हात शिवशिवतात.

भाची दुसऱ्या खेपेला पास झाली. ज्या शाळेत शिकली तिथेच तिला शिकवायचं काम मिळालं. काही महिन्यांनी तिच्या एका विद्यार्थ्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण झालं. पद्धत अशी, की शिक्षक विद्यार्थ्याबरोबर काही फेऱ्या मारतो, मग विमान बाजूला थांबवायला सांगतो, दार उघडतो आणि उतरतो. उतरताना एक गोष्ट आठवणीनं सांगायची असते. माझं वजन आता विमानात नाही, त्यामुळे ते नेहमीपेक्षा लवकर वर चढेल, घाबरू नकोस. मग दार लावायचं आणि चालत दूर जायचं.

त्या विद्यार्थ्यानं तीन वेळा विमान वर नेलं आणि तीन वेळा उतरवलं. परत आल्यावर तिथल्या प्रथेप्रमाणे त्याच्या शर्टाचा मागचा भाग कापला. जुन्या विमानांत शिक्षक मागे बसे आणि सूचना द्यायला विद्यार्थ्याचा शर्ट ओढत असे, आता त्याची गरज नाही, म्हणून कापायचा, असं सांगतात. त्या कापडावर तारीख घालून तिनं मला फोटो पाठवला.

मी फोन करून विचारलं, "तो वर होता तेवढा वेळ तू काय केलंस?"

म्हणाली, "काही नाही मामू. धावपट्टीच्या कडेला उभी होते. दोन्ही हात खिशात घालून."